मनगटाचं हाड, जन्माचा दाखला आणि सतरा वर्षांखालचा विश्वचषक

पूर्वी दर दोन वर्षांनी होणारा १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक २०२५ पासून दरवर्षी होऊ लागला आणि संघांची संख्या २४ वरून ४८ झाली. तेव्हापासून मुंबई-ठाण्याच्या पालकांची पत्रं वाढली आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे: आमच्या मुलाला यात कुठे वाट आहे का? या वेळी त्यांतलेच काही प्रश्न घेतले आहेत.

माझ्या मुलाचा जन्म २८ डिसेंबर २०१० चा. ‘चार दिवस उशिरा जन्मला असता तर बरं झालं असतं,’ असं त्याचे प्रशिक्षक म्हणतात. असं का? तो नेमका कोणत्या विश्वचषकाला चालेल?
(एक पालक, लालबाग)

प्रशिक्षकांचं गणित बरोबर आहे. स्पर्धेच्या वर्षातून १७ वजा करा. जे साल येईल त्याच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा त्या स्पर्धेला चालतो. २०२६ साठी १ जानेवारी २००९, २०२७ साठी १ जानेवारी २०१०, २०२८ साठी १ जानेवारी २०११. तुमचा मुलगा २०२७ पर्यंत पात्र आहे. २०२८ ची संधी मात्र चार दिवसांनी हुकते.

खरी अडचण वेगळीच आहे. २०१० सालच्या मुलांत तो सगळ्यांत धाकट्यांपैकी. जानेवारी २०१० मध्ये जन्मलेला मुलगा त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठा, तरी दोघे एकाच गटात. तेरा-चौदाव्या वर्षी एका वर्षात उंची, वजन आणि धावण्याचा वेग यांत केवढा फरक पडतो हे शाळेच्या रांगेत उभं राहिलं तरी दिसतं. निवड चाचणीत डोळा आधी धिप्पाड मुलावर जातो, म्हणून जगभरच्या वयोगट संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त आढळतात. पायाच्या एका स्पर्शात चेंडू ताब्यात घेणं, चेंडू येण्याआधी मान वळवून दोन्ही बाजू पाहणं, दोन्ही पायांनी पास देणं ही कौशल्यं उंचीवर अवलंबून नसतात. डिसेंबरच्या मुलाने यांवर भर द्यावा. आणि चाचणीला गेल्यावर जन्माचा महिना प्रशिक्षकांना आपणहून सांगावा. चांगला निवडकर्ता ते लक्षात घेतो.

स्पर्धा दरवर्षी झाल्याचा एक मोठा फायदा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. २०१७ चा विश्वचषक १ जानेवारी २००० नंतरच्या मुलांसाठी होता, २०१९ चा १ जानेवारी २००२ नंतरच्या. म्हणजे २००१ साली जन्मलेल्या मुलाला एकच दार होतं, आणि तेही स्वतःहून वर्षाने मोठ्या मुलांशी झुंजून. आता प्रत्येक जन्मसालाला आपला हक्काचा विश्वचषक आहे.

पण तयारी वाटते त्यापेक्षा आधी सुरू होते. विश्वचषकाचं तिकीट १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धेतून मिळतं, आणि २०२६ च्या त्या स्पर्धेची पात्रता फेरी नोव्हेंबर २०२५ मध्येच झाली. भारतीय संघाची शिबिरं त्याच्याही आधी. म्हणजे मुलगा पंधरा वर्षांचा असतानाच तो निवडकर्त्यांच्या नजरेत असायला हवा.

मनगटाचा एमआरआय करून वय ठरवतात म्हणे. त्यात किरणोत्सर्ग असतो का? आणि आमच्याकडे खरा दाखला असताना मशीनने चुकीचं सांगितलं तर?
(एक आई, ठाणे)

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, ते चुंबकीय क्षेत्रावर चालतं. त्यामुळे ती भीती मनातून काढून टाका. अंगात धातूचं काही बसवलेलं असेल तर ते मात्र आधी सांगायचं.

चाचणी काय पाहते ते नीट समजून घ्या. कोपर ते मनगट या भागात दोन हाडं असतात. त्यांतलं अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाशी जिथे संपतं, तिथे वाढीची पट्टी असते. मूल वाढत असताना ही पट्टी उघडी असते, वाढ संपत आली की ती हळूहळू बुजते. डॉक्टर तिच्या सहा पायऱ्या करतात. सहावी पायरी म्हणजे पट्टी पूर्ण बुजली. मुलांमध्ये सतरा वर्षांच्या आत सहावी पायरी गाठणारा शंभरात एकही नसतो म्हटलं तरी चालेल. म्हणून सहावी पायरी आली की खेळाडू बाद, मग दाखला काहीही म्हणो. फिफाने १७ वर्षांखालील विश्वचषकात ही पद्धत २००९ पासून आणली.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ही चाचणी जन्मतारीख सांगत नाही. पट्टी उघडी दिसली म्हणून मुलगा सतराच्या आतलाच, असं सिद्ध होत नाही. एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचीही ती उघडी असू शकते. दोन, लवकर वयात आलेल्या एखाद्या प्रामाणिक मुलावर अन्याय होऊ शकतो, फार क्वचित, पण होऊ शकतो. त्यासाठी खासगी केंद्रात आधीच फोटो काढून धास्ती घेण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचलेल्या मुलाची तपासणी संघटनाच करते. क्रिकेटमध्ये बीसीसीआय वापरते ती टीडब्ल्यू३ पद्धत निराळी. ती क्ष-किरणाच्या फोटोवरून हाडांचं वय वर्षांत काढते. दोन्हींची गल्लत करू नका.

आता कागदपत्रं. बहुतेक घरांत खरी गडबड इथेच असते.

जन्माची नोंद २१ दिवसांत झाली तर काही लागत नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरावं लागतं, वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखल्यावर नोंदणीची तारीख वेगळी छापलेली असते आणि छाननी करणारा सगळ्यांत आधी तीच बघतो. जन्म २०१० चा आणि नोंदणी २०२२ ची असेल तर प्रश्न विचारले जाणारच. अशा वेळी प्रसूती झालेल्या रुग्णालयाचे कागद आणि लसीकरणाचं कार्ड जपून ठेवलेलं उपयोगी पडतं. दाखल्यावर बाळाचं नाव नसेल तर नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत ते घालता येतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या पालकांनी हे काम आज उरकावं.

शाळेत घालताना ‘१ जून’ लिहून टाकलेली जन्मतारीख आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. शाळेच्या नोंदीत १ जून, महापालिकेच्या दाखल्यावर १४ सप्टेंबर आणि आधारवर तिसरंच काही, असा मुलगा कितीही चांगला खेळला तरी नोंदणीपाशी अडतो. सगळीकडे एकच तारीख आणि नावाचं एकच स्पेलिंग हवं. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही पासपोर्ट लटकतो. दुरुस्ती नेहमी जन्मदाखल्याच्या दिशेने करा: आधी शाळा, मग आधार, मग पासपोर्ट. आणि पासपोर्ट हवाच. राष्ट्रीय संघातून खेळायला त्या देशाचं नागरिकत्व लागतं. ओसीआय कार्ड असलेली, म्हणजे भारतीय वंशाची पण परदेशी नागरिकत्वाची मुलं भारताकडून खेळू शकत नाहीत.

वय कमी दाखवणाऱ्यांबद्दलही पत्रं आली आहेत. ‘सगळेच करतात’ असं काहींनी लिहिलं आहे. त्यांनी हे वाचावं: १९८८ मध्ये वयाच्या खोट्या नोंदींमुळे मेक्सिकोवर दोन वर्षांची बंदी आली. प्रकरण २० वर्षांखालील संघाचं होतं, पण त्यापायी देशाचा मुख्य संघ १९९० च्या विश्वचषकाला मुकला. त्याच सुमारास जन्मतारखांच्या विसंगतीमुळे नायजेरियाच्या युवा संघांनाही दोन वर्षं बाहेर बसावं लागलं. हे झालं देशांचं. मुलाचं नुकसान आणखी खोल असतं. दोन वर्षांनी लहान मुलांत खेळून तो ताकदीवर जिंकायला शिकतो, आणि अठराव्या वर्षी खऱ्या बरोबरीच्यांसमोर उभा राहतो तेव्हा हातात काही नसतं.

भारत हा विश्वचषक एकदाच खेळला, तोही यजमान म्हणून. आता ४८ संघ झाले, तर आपला नंबर लागणं सोपं झालं का?
(एक वाचक, नेरूळ)

सोपं नाही, पण आवाक्यात आलं आहे. २०२५ च्या स्पर्धेत आशियाला यजमान कतार धरून ९ जागा होत्या. आफ्रिकेला १०, युरोपला ११, दक्षिण अमेरिकेला ७, उत्तर व मध्य अमेरिका-कॅरिबियनला ८ आणि ओशनियाला ३. आशियाई स्पर्धेत १६ संघ असतात, चार गट. गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत जातात, आणि त्या आठ संघांना विश्वचषकाचं तिकीट मिळतं. म्हणजे बाद फेरीचा एकही सामना न जिंकता पात्रता मिळू शकते.

याचं मोल कळायला २०१८ आठवा. मलेशियात झालेल्या १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांचा भारतीय संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि दक्षिण कोरियाकडून ०-१ ने हरला. तेव्हा फक्त उपांत्य फेरीतल्या चौघांना जागा होती, म्हणून आपली मुलं घरी आली. आजच्या नियमात तोच संघ विश्वचषक खेळला असता. ३० नोव्हेंबर २०२५ ला अहमदाबादेत भारताने इराणला २-१ ने हरवून पुन्हा आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. इराणसारख्या संघाला पात्रतेच्या निर्णायक सामन्यात हरवणं ही मोठी गोष्ट आहे. वर्तमानपत्रांनी तिला अधिक जागा द्यायला हवी होती.

तुम्ही नेरूळचे, म्हणून २०१७ ची उजळणी. तुमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ६ ऑक्टोबरला तुर्की-न्यूझीलंड आणि पॅराग्वे-माली हे सामने झाले, आणि २५ तारखेला उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ ने हरवलं. भारताचे तिन्ही सामने दिल्लीत होते. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ अशी हार झाली. कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर जॅक्सन सिंगने डोक्याने मारलेला गोल हा फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल. त्या संघात आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. स्पर्धेला एकूण १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक आले, तो तेव्हा विक्रम ठरला.

मुंबईत राहणाऱ्या मुलाने सुरुवात कुठून करायची? एका एजंटने ‘राष्ट्रीय ट्रायल’साठी मोठी रक्कम मागितली आहे.
(एक पालक, मालाड)

पैसे देऊ नका. राष्ट्रीय संघात जागा विकत मिळत नाही आणि जो विकतो म्हणतो त्याच्याकडे ती नसते. अखिल भारतीय संघटनेचं किंवा राज्य संघटनेचं लेखी पत्रक दाखवा म्हणावं. ते नसेल तर विषय संपला.

वाटा तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. पहिली शाळेची: मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एमएसएसएच्या, स्पर्धा आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होणारी सुब्रतो चषकाची, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची, फेरी. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग दिल्ली. दुसरी क्लबची: मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या (पूर्वीची एमडीएफए) वयोगट स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबात नाव घाला. क्लब मुलाची अखिल भारतीय संघटनेच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नोंद करतो. मुलाचा नोंदणी क्रमांक आला की नाही हे पालकांनी स्वतः पाहावं. दर महिन्याला फी घेणाऱ्या पण कोणत्याच अधिकृत लीगमध्ये न उतरणाऱ्या अकादम्या मुंबईत पुष्कळ आहेत. प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारा: तुमचा संघ या मोसमात कोणत्या लीगमध्ये, कोणत्या वयोगटात नोंदलेला आहे? तिसरी वाट राज्य संघाची. कुपरेजवरची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, महाराष्ट्राचे सब-ज्युनियर आणि ज्युनियर संघ निवडते. ज्युनियर मुलांची राष्ट्रीय स्पर्धा बी. सी. रॉय करंडकासाठी होते आणि राष्ट्रीय निवडकर्ते तिथे बसलेले असतात. याशिवाय राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीतूनच पुढे आला.

चाचणीच्या दिवशी: मूळ जन्मदाखला आणि दोन प्रती, आधार, शाळेचं ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचे चार फोटो. अर्जात खेळण्याची एकच जागा लिहा, फार तर दोन. ‘कुठेही खेळतो’ लिहिणाऱ्याला जी जागा उरेल तिथे टाकतात. जेवण अडीच-तीन तास आधी: भात-वरण किंवा पोळी-भाजी, तेलकट नको. पाऊण तास आधी मैदानावर पोचा, लोकलचा उशीर धरून निघा. चाचणीचा सामना बऱ्याचदा वीसच मिनिटांचा असतो. पहिला पास सोपा आणि अचूक द्यावा. पहिल्याच चेंडूवर तिघांना चकवायला जाणारी मुलं तिथेच संपतात.

मुलींसाठीही असाच विश्वचषक आहे ना? मुलींचाही एमआरआय होतो का?
(नववीतली एक खेळाडू, वसई)

आहे. २०२५ पासून तोही दरवर्षी, २०२९ पर्यंत मोरोक्कोत, २४ संघांचा. २०२२ चा आपल्याकडे झाला होता. ३० ऑक्टोबरचा अंतिम सामना नवी मुंबईतच झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. आपल्या मुलींना अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशी हार पत्करावी लागली. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ ने हरवून भारतीय मुली २०२६ च्या आशियाई स्पर्धेला स्वबळावर पात्र ठरल्या.

मनगटाचा एमआरआय मुलींना लावत नाहीत. मुलींची वाढीची पट्टी लवकर बुजते, त्यामुळे सतराचा निकष तिथे टिकत नाही. म्हणूनच तुझा जन्मदाखला आणि पासपोर्ट यांना आणखी महत्त्व आहे. वयाचा नियम तोच, १ जानेवारीचा. सुब्रतो चषकात १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे. शाळेत अकरा मुली जमत नसतील तर क्लबच्या वाटेने जा, पण थांबू नकोस.

मोठ्या क्लबांतली नावाजलेली मुलं या स्पर्धेत का दिसत नाहीत?
(एक वाचक, माहीम)

वयोगटाच्या स्पर्धांसाठी खेळाडू सोडण्याचं बंधन क्लबांवर नसतं. मुख्य राष्ट्रीय संघासाठी असतं. २०१७ मध्ये ब्राझीलच्या फ्लामेंगो क्लबने विनिसियस ज्युनियरला भारतात पाठवलं नाही, आणि इंग्लंडच्या जेडन सँचोला जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने साखळी फेरीनंतर परत बोलावलं. तरी इंग्लंड जिंकलं. फिल फोडेन सर्वोत्तम खेळाडू ठरला, ऱ्हियन ब्रूस्टरने ८ गोल केले.

बरोबरी झाली तर जादा वेळ का देत नाहीत? आणि प्रशिक्षक हातात कार्ड घेऊन काय मागत असतात?
(कॉलेजचा विद्यार्थी, परळ)

मुलांवर ताण नको म्हणून बाद फेरीत ९० मिनिटांनंतर थेट पेनल्टी शूटआउट होतो. २०२३ ची अंतिम लढत २-२ अशी सुटली आणि जर्मनीने फ्रान्सला शूटआउटमध्ये ४-३ ने हरवलं. तुमच्या संघाला यातून धडा घ्यायचा तर सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, प्रत्येकाने पाच पेनल्टी माराव्यात. ताज्या पायांनी मारलेल्या पेनल्टीचा उपयोग थोडाच.

कार्ड म्हणजे व्हिडिओ फेरतपासणीची मागणी. पडद्यामागे पंचांची वेगळी खोली नसते. प्रशिक्षकाला सामन्यात दोन मागण्या मिळतात. तो चौथ्या पंचांकडे कार्ड देतो आणि मुख्य पंच मैदानाकडेचा पडदा स्वतः पाहतात. मागणी बरोबर ठरली तर ती खर्ची पडत नाही. ती गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड, एवढ्यांपुरतीच.

मुलगा आठवड्यात तीन दिवस टर्फवर आणि रविवारी आझाद मैदानावर खेळतो. बूट कोणते घ्यावेत? गुडघ्याखाली दुखतं असंही म्हणतो.
(एक वडील, गिरगाव)

एकच जोड सगळीकडे वापरणं हे दुखण्याचं मोठं कारण असू शकतं. बुटावर अक्षरं असतात. एफजी म्हणजे लांब साचेबंद स्टड (तळाचे खुंट), नैसर्गिक गवतासाठी. हे टर्फवर घातले तर स्टड कृत्रिम गवतात अडकतो, पाऊल जागीच राहतं आणि वळताना पीळ गुडघ्यावर येतो. टर्फसाठी टीएफ घ्या: तळाला पुष्कळ छोटे रबरी दाणे असतात. उन्हाळ्यात दगडासारख्या झालेल्या मैदानावरही टीएफच बरे, कारण कडक मातीत लांब स्टड रुतत नाहीत आणि सगळा दाब टाचेवर चार ठिपक्यांत येतो. एफजी पावसाळ्यानंतर मैदानावर गवत आलं की काढा. दोनच जोड परवडत असतील तर हे दोन. ‘वाढतं अंग आहे’ म्हणून दोन नंबर मोठे बूट घेऊ नका. बोटापुढे अर्धा ते एक सेंटिमीटर जागा पुरे. दुकानात मोजा घालून, संध्याकाळी बघा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो.

गुडघ्याच्या वाटीखाली जो उंचवटा असतो नेमका तिथेच दाबल्यावर दुखत असेल, तर वाढीच्या वयात मांडीच्या स्नायूचा कंडरा हाडाला ओढतो त्याचं ते दुखणं असण्याची शक्यता आहे. उड्या आणि जिने चढणं दोन-तीन आठवडे कमी करा, खेळानंतर १० ते १५ मिनिटं फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, मांडीचे स्नायू रोज ताणा. रात्री दुखून जाग येत असेल, सांध्याला सूज असेल किंवा मुलगा लंगडत असेल तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे.

ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी टर्फ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, त्यामुळे सराव सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर ठेवा. नियमात थंड होण्यासाठी दीड ते तीन मिनिटांचा थांबा देण्याची सोय आहे. स्थानिक सामन्यातही प्रशिक्षकांनी तो पंचांकडे मागावा. चेंडू पाच नंबरचाच हवा: परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हवा ०.६ ते १.१ वातावरण दाबाची, आणि ती पंपाच्या काट्यावर बघायची, अंगठ्याने दाबून नाही. फुगवलेला चेंडू दगडासारखा टणक ठेवला की डोक्याने मारायला मुलं घाबरतात आणि ती सवय पुढे सुटत नाही.